खान्देशात हेझलनट: रोपं जगली, पण फळ धरेल का? (आणि चारोळीची रोपं)

शिरपूरची_बाग
१४ मे, सकाळी ७:४०

नमस्कार मंडळी. घरामागे साडेतीन गुंठे जागा आहे. आंबा, सीताफळ, लिंबू, शेवगा आणि एक जुनं जांभूळ. त्यांचं सगळं बरं चाललंय. विचारायचंय ते हेझलनटबद्दल, म्हणजे कवच फोडून गर खातात त्या थंड मुलखातल्या सुक्यामेव्याबद्दल.

तीन वर्षांपूर्वी भाची हिमाचलात फिरायला गेली होती. चंबा जिल्ह्यातल्या पांगी खोऱ्यातून तिने कवचासकट हेझलनट आणले. तिकडे त्यांना ठांगी म्हणतात. खाऊन अकरा उरले. ते दोन दिवस भिजवले, ओल्या वाळूत घालून डब्यात भरले आणि नोव्हेंबरात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवले. दर रविवारी डबा उघडून वाळू ओलसर आहे ना, ते बोटाने बघायचे. पंधरा आठवड्यांनी, फेब्रुवारीच्या शेवटी, चार बियांच्या कवचाला चीर पडून पांढरे मोड दिसले. त्या दिवशी घरात सगळ्यांना बोलावून दाखवले.

चारातली दोन रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. उरलेल्या दोनांतलं एक आज गुडघ्याएवढं आहे, दुसरं त्याहून वीतभर खाली. दर वर्षी एकच घडतं. मार्चअखेर पानं अशी सुरेख असतात, की बघत राहावं. गोलसर, कडेला बारीक दाते, हात फिरवला की लव लागते. एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की कडा तपकिरी व्हायला लागतात आणि करपा आत सरकत जातो. आज मोठ्या रोपावर शेंड्याची तीन पानं तेवढी हिरवी आहेत. मी रोज सकाळी मोजते.

मागच्या वर्षी एका ऑनलाइन रोपवाटिकेतून ‘कलमी हेझलनट’ही मागवलं होतं. पानं फुटल्यावर ते तुती निघालं. पैसे परत मिळाले नाहीत.

तर प्रश्न असे. माझ्या रोपांना कधी फळ धरेल का? आणि यांचीच आणखी रोपं करायची झाली तर काडी लावायची, गुटी बांधायची की आणखी काही?

साक्रीना_भाऊ
१४ मे, सकाळी ९:०५

ताई, आठे एप्रिलमा केळीनं पान बी करपस, तठे या थंडा मुलूखनं झाड कसं टिकी? पन तुम्हनी मेहनत भारी शे. तीन वरीस जगाडं, हाई थोडं नई.

माहेर_अमळनेर
१४ मे, रात्री १०:२०

ताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझं माहेर अमळनेरचं. गेली सोळा वर्षं अमेरिकेत ऑरेगनमध्ये, विलामेट खोऱ्यात राहते. अमेरिकेतलं जवळजवळ सगळं हेझलनट याच खोऱ्यात पिकतं. जगाच्या हिशेबात पहिला नंबर तुर्कस्तानचा, तोही काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओर्दू, गिरेसून, त्राब्झोन या पट्ट्याचा. इटलीतही पिकतं. या सगळ्या जागा नकाशावर बघा, एक गोष्ट सारखी दिसेल. हिवाळा लांब आणि ओला, पण हाडं गोठवणारा नाही. उन्हाळा मवाळ. समुद्राची ओल जवळ.

माझ्या परसात पाच झाडं आहेत. आपल्या लोकांना या झाडाचं सर्वांत नवल वाटतं ते याच्या फुलण्याचं. ते ऐन थंडीत फुलतं. जानेवारीत झाडावर एक पान नसतं, आणि फांद्यांवरून बोटाएवढे पिवळसर तुरे लोंबत असतात. ते नर. वारा आला की त्यातून पिवळी धूळ उडते. मादी फूल तर शोधावं लागतं. फांदीवर पानाचा असतो तसाच साधा डोळा, म्हणजे कळी, आणि त्याच्या टोकाला कुंकवाच्या काडीने ओढल्यासारखे चार-सहा लाल धागे. बस, एवढंच फूल. माझी आई इथे आली होती तेव्हा चष्मा लावून फांदी डोळ्यांजवळ धरून बसली होती, तरी तिला पटेना की यातून फळ येतं.

पराग जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, पण खरं फलन त्यानंतर चार-पाच महिन्यांनी होतं. तोवर परागनळी, म्हणजे परागातून फुटलेली बारीक नळी, आत थांबून राहते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकलेली फळं आपोआप खाली गळतात, ती झाडून गोळा करायची.

आणखी एक. झाड स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. दुसरं, जुळणाऱ्या जातीचं झाड जवळ हवं, आणि त्याचे तुरे नेमके याच्या मादी फुलांच्या वेळेला झडायला हवेत. तुमची दोन्ही रोपं बियांची आहेत, म्हणजे एकमेकांपासून वेगळी, हे एका परीने चांगलं. पण आधी फुलं यायला हवीत, आणि घोडं तिथेच अडतं. याला थंडीचे तास लागतात. जातीनुसार कमी-जास्त होतं, पण बागेत लावतात त्यांतल्या बहुतेक जातींना साधारण ८०० ते १२०० तास ७ अंशांच्या खाली मिळावे लागतात.

शिरपूरला ते कुठून आणायचे?

केळीबाग_यावल
१५ मे, सकाळी ६:५०

तासांचा हिशेब माझ्याकडे आहे. थंडीत केळीला चरका बसतो, म्हणून मी बांधावर तापमान नोंदवणारं यंत्र लावलंय. मळा नदीच्या खोलगटात आहे, गावापेक्षा इथे दोन अंश तरी जास्त गारठा असतो. मागच्या दोन हिवाळ्यांत ७ अंशांखालचे एकूण तास: एका वर्षी ६२, दुसऱ्या वर्षी ३८. तेही पहाटे तीन ते सातमधले. दुपारी त्याच दिवशी पारा २७-२८ वर. म्हणजे झाड रात्री जरा झोपायला लागतं आणि दुपारी आपण त्याला उठवतो.

दुसरी अडचण मातीची. तापीकाठची आपली काळी माती खोल आहे, केळीला सोनं आहे, पण चुनखडीची. बोअरचं पाणीही जड. हेझलनटला किंचित आम्ल ते उदासीन, निचऱ्याची जमीन लागते असं वाचलंय. ताईंच्या रोपांची नवी पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहत असतील तर ते लोह न मिळाल्याचं लक्षण. करपण्याशी त्याचा संबंध नाही, ते वेगळं दुखणं.

पांझराकाठ
१५ मे, दुपारी १:१५

एक शंका. सफरचंदालाही थंडी लागते असंच म्हणायचे. आता हरमन ९९ आपल्याकडे लोक लावताहेत, माझ्या मेहुण्याच्या झाडाला गेल्या वर्षी नऊ फळं आली. मग हेझलनटच का नाही? शिवाय अक्कलकुव्याकडे डाब-वालंब्याला थंडीत दवबिंदू गोठतात, फोटो येतात पेपरात. तोरणमाळही हजार मीटरच्या वर आहे. तिथे लावून बघायला काय हरकत?

केळीबाग_यावल
१५ मे, दुपारी ३:४०

पांझराकाठ भाऊ, हरमन ९९ ही थंडी कमी लागणारी वेगळी जात आहे. हिमाचलात बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी ती निवडून काढली. तो भाग सखल आणि गरम आहे, तिथे एक झाड फळलं, ते त्यांनी ओळखलं आणि कलमं करून वाढवलं. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. मोठं काम केलं त्या माणसाने. हेझलनटची अशी, गरम मुलखात फळणारी जात माझ्या तरी बघण्यात नाही. उद्या कोणी काढली तर पहिलं रोप मी आणेन.

डाबचं म्हणाल तर दव गोठणं म्हणजे एका पहाटेचे दोन-तीन तास. अशा दहा-पंधरा पहाटा धरल्या तरी हजार तासांच्या जवळपास पोचत नाही.

माहेर_अमळनेर
१६ मे, सकाळी ८:००

ताईंचा दुसरा प्रश्न राहिला, रोपं कशी करायची हा. तो सविस्तर लिहिते, कारण इथली पद्धत मला फार आवडते आणि तिच्यातलं तत्त्व दुसऱ्या झाडांनाही लागू पडतं.

बी लावून आलेलं झाड आईबापासारखं निघत नाही. कवच जाड, गर लहान, असं काहीही निघू शकतं. म्हणून चांगल्या जातीची रोपं बियांपासून करत नाहीत. काडी लावून बघाल तर तीही बहुतेक वेळा मूळ धरत नाही, नुसती हिरवी राहून महिनाभराने काळी पडते. मी स्वतः चाळीस काड्या लावल्या होत्या, दोन जगल्या.

चालते ती माती चढवण्याची पद्धत, आपल्या दाब कलमाची बहीणच. युरोपी हेझलनटच्या बुंध्यातून केळीच्या पिलांसारखे फुटवे येत राहतात. फुटवे गुडघ्याएवढे झाले, की जूनमध्ये त्यांची खालची पानं काढून टाकायची. प्रत्येक फुटव्याच्या तळाशी तार किंवा प्लास्टिकची पट्टी घट्ट आवळायची. तिच्या वर मुळं फुटण्याचं संजीवक लावायचं आणि ओला लाकडी भुसा वीतभर उंच चढवायचा. भुसा कधी कोरडा पडू द्यायचा नाही. फुटवा जाड होत जातो तसा आवळलेला भाग त्याला काचतो, पानांनी केलेलं अन्न वरच अडतं आणि तिथे मुळं फुटतात. हिवाळ्यात पानं गळली, की भुसा उकरून मुळं धरलेला फुटवा आवळलेल्या जागेखाली कापून घ्यायचा. पहिल्यांदा भुसा बाजूला केला तेव्हा आतली पांढरी मुळं शेवयांसारखी दिसली होती. मी ओरडलेच.

पण ताई, तुमची ठांगी त्या जातीची नाही. ती हिमालयातली वेगळी जात, झुडूप न होता सरळ झाड होतं, आणि बुंध्याला असे भरभरून फुटवे येत नाहीत.

कलमही करतात, पण त्यातली गंमत ऐका. हेझलनटचा सांधा जुळायला सांध्यापाशी २६-२७ अंशांची ऊब लागते आणि वरचे डोळे मात्र गार, निजलेले राहावे लागतात. म्हणून इथे कॉर्व्हॅलिसमध्ये १९८० च्या दशकात एक युक्ती निघाली. हिवाळ्यात उघड्यावर गरम नळी अंथरायची, तिला खाचा पाडायच्या आणि फक्त सांधा त्या खाचेत ठेवायचा. सांध्याला ऊब, डोळ्यांना थंडी. खान्देशात सांध्याला ऊब फुकट आहे, पण डोळ्यांना गारवा कुठून द्यायचा?

शिरपूरची_बाग
१६ मे, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. खोटं सांगणार नाही, वाईट वाटलं. पण तीन वर्षं ‘पाणी कमी पडतंय का, खत जास्त झालं का’ म्हणत स्वतःला दोष देत होते, ते तरी थांबलं. पानांच्या शिरा बघितल्या. केळीबाग भाऊ म्हणतात तशाच आहेत, नवी पानं पिवळट आणि शिरा हिरव्या.

रोपं काढणार नाही. जगतील तोवर जांभळाच्या सावलीत ठेवीन. पण मला परसात एक तरी असं झाड हवंय, ज्याचं कवच फोडून गर खाता येईल. नातवंडं मे महिन्यात येतात, त्यांना झाडाखाली बसून काही तरी फोडून खाताना बघायचंय. काजू सोडून सांगा, काजूच्या टरफलाचं तेल मुलांच्या हातांना नको.

धडगावचे_गुरुजी
१७ मे, सकाळी ६:१०

ताई, तुम्ही नोव्हेंबरात पांगीचं बी फ्रीजमध्ये घातलंत. तुमच्या दारापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर सातपुड्यात जे झाड आत्ता, या आठवड्यात, काळ्या फळांनी लगडलंय त्याकडे बघितलंत का? चार म्हणतोय मी. ज्याच्या बीला बाजारात चारोळी म्हणतात ते.

एकवीस वर्षं अक्राणी तालुक्यात शिकवतोय. एप्रिल-मेमध्ये वर्गातल्या निम्म्या मुलांचे ओठ जांभळे असतात. फळ वाटाण्याहून थोडं मोठं, पिकलं की काळं, वरचा गर आंबट-गोड. मुलं गर चोखतात आणि बी खिशात टाकतात. शाळा सुटली की दगडावर दगड. कवच फुटलं की आत मसुरीपेक्षा जरा मोठा, बदामी रंगाचा, चपटा दाणा. घरोघरी बायका फळं रात्रभर भिजवतात, सकाळी चोळून काळी साल काढतात, बिया धुऊन वाळवतात आणि जात्याचा वरचा दगड थोडा सैल ठेवून भरडतात. फार घट्ट ठेवला तर दाण्याचा चुरा होतो. त्या हाताचा अंदाज शिकवून येत नाही. तुम्ही बासुंदीवर टाकता त्या प्रत्येक दाण्यामागे ही एवढी मेहनत आहे.

झाड आंब्याच्याच कुळातलं. काजू आणि बिबाही त्याच कुळातले, पण चारोळी हाताला बाधत नाही. साल काळपट, चौकटी-चौकटींची, मगरीच्या पाठीसारखी. पान जाड, चिवट, खालून लवदार. फुलोरा जानेवारी ते मार्च. मुरमाड उतारावर, पाण्याशिवाय, आपलं सगळं ऊन अंगावर घेऊन उभं असतं.

आणि मनातलं लिहितो. ही झाडं कमी होताहेत. फळं पुरती पिकायच्या आधीच फांद्या तोडून नेतात, कारण उशीर केला तर दुसरा कोणी नेतो. कच्चं बी उगवत नाही, खाली नवं रोप येत नाही. जुनी झाडं आहेत, पण त्यांच्या पायाशी पोरं नाहीत. तुमच्यासारखी चिकाटीची माणसं हे झाड परसात आणतील तर मला फार बरं वाटेल.

साक्रीना_भाऊ
१७ मे, सकाळी ८:२०

गुरुजी, बरोबर बोलनात. मनी माय चार वाटीसन दूधमा टाके. आते बजारमा भाव इचारा ते हात मांगे येस.

शिरपूरची_बाग
१७ मे, दुपारी १२:००

गुरुजी, लाज वाटली वाचून. इतकी वर्षं डब्यातून चारोळी काढतेय, झाड ओळखता येत नाही. बी कुठून घेऊ आणि कसं लावू? बाजारातली सोललेली चारोळी तर उगवणार नाही ना?

धडगावचे_गुरुजी
१७ मे, सायंकाळी ७:४५

लाज कसली, ताई. सोललेला दाणा लावायला उपयोगाचा नाही, तो उन्हात तापलेला, महिनोन्‌महिने पोत्यात पडलेला असतो. कवचासकट, याच हंगामाचं बी घ्या. धडगाव-मोलगीच्या आठवडे बाजारात बायका फळं घेऊन बसतात, त्यांच्याकडून फळंच विकत घ्या. जंगलात जाऊन स्वतः ओरबाडू नका. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या फळं-बियांसारख्या गोष्टींवर, तिथल्या गावकऱ्यांचा हक्क आहे, आणि त्या चार पैशांवर त्यांचा पावसाळा अवलंबून असतो. काळी, पूर्ण पिकलेली निवडून घ्या, भाव करू नका.

लावायची माझी पद्धत, शाळेच्या रोपवाटिकेत दर वर्षी करतो ती:

फळं त्याच दिवशी चोळून गर पूर्ण काढायचा. गर राहिला की बुरशी आलीच. बिया पाण्यात टाका, तरंगतील त्या फेकून द्या. बुडालेल्या सावलीत दोन दिवस सुकवा, उन्हात नाही.

मग खरी कसोटी. कवच दगडासारखं असतं. तसंच लावलं तर फार थोड्या बिया उगवतात. बी बोटात धरून कडेने फिरवा, एक बारीक शिवण लागेल. ती शिवण पकडीच्या तोंडात धरून हलकेच दाबा. ‘टक्’ असा आवाज आला की थांबा. कवचाला चीर हवी, दाण्याला धक्का नको. पहिल्या दहा-बारा बियांचे दाणे फुटतील, ते खाऊन टाका. पुढे हात बसतो. चीर पाडलेल्या बिया एक रात्र साध्या पाण्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी लावायच्या.

पिशवी उंच घ्या, निदान फूटभर. याचं सोटमूळ रोपाच्या दुप्पट वेगाने खाली जातं. लहान पिशवीत ते तळाशी वळसे घालतं आणि असं रोप जमिनीत लावलं की दोन वर्षं नुसतं उभं राहतं. निम्मा मुरूम, निम्म्यात पोयटा आणि कुजलेलं शेणखत. बी अर्धा इंच खोल. पाणी बेताचं. आम्ही पहिल्या वर्षी मुलांच्या हौसेने रोज पाणी घातलं, साठातली पन्नास कुजली. मुलं रडली होती.

नर्मदेपार
१८ मे, सकाळी ११:३०

गुरुजींनी छान लिहिलंय. मी कलमाचं सांगतो. बियांच्या झाडाला फळ यायला आठ-दहा वर्षं सहज लागतात, ताईंची नातवंडं कॉलेजात जातील. कलमाचं झाड त्याच्या निम्म्याहून कमी काळात फळाला लागतं.

गुजरातेत गोध्र्याजवळ वेजलपूरला केंद्रीय बागायती प्रयोग केंद्र आहे. ‘थार प्रिया’ ही चारोळीची जात तिथलीच. तो भाग आपल्यासारखाच तापणारा, पाऊस बेताचा. तिथे जाऊन बघून आलोय. ओळीत लावलेली चारोळी बघून डोळ्यांवर विश्वास बसला नाही, कारण तोवर मी हे झाड फक्त जंगलात बघितलं होतं.

पद्धत आंब्याच्या पाचर कलमाची. वर्षभराचं, पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोप खुंट म्हणून घ्यायचं. खुंट चारोळीचाच हवा. आंब्याच्या खुंटावर जमेल का म्हणून मी प्रयत्न केला होता, एकही लागलं नाही. कलमकाडी फळणाऱ्या, मोठ्या दाण्याच्या झाडाची. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं छाटायची, देठ तेवढे ठेवायचे. देठ गळून डोळा फुगला, की काडी तयार. खुंट कोवळ्या भागात कापून मधोमध चीर, काडीला दोन्ही बाजूंनी पाचर, सालीला साल जुळवून पट्टीने घट्ट बांधायचं आणि वरून पातळ प्लास्टिकची टोपी. सावलीत ठेवायचं. ज्यांचा हात आंब्यावर बसलाय त्यांना अवघड नाही. फक्त चारोळीचा चीक लगेच सुकतो, पातं दर दोन कापांनी पुसा आणि कापल्यावर वेळ घालवू नका.

पांझराकाठ
१८ मे, दुपारी २:१०

आमच्याकडे काळी कसदार जमीन आहे, तिथे येईल का?

धडगावचे_गुरुजी
१८ मे, रात्री ८:१५

पाणी साचत असेल तर नाही. दोन फूट खड्डा खणा, संध्याकाळी काठोकाठ पाणी भरा. सकाळी पाणी उभं दिसलं तर त्या जागी लावू नका. बांधाची उंच जागा बघा, किंवा खड्डा तीन फुटांचा घेऊन मुरमाने भरा आणि आजूबाजूपेक्षा वीतभर उंच वरंबा करा. काळ्या मातीत हे झाड उन्हाने मरत नाही, ऑगस्टमध्ये मरतं.

केळीबाग_यावल
१९ मे, सकाळी ७:००

मीही दोन लावतोय, विहिरीच्या मागच्या मुरमाड तुकड्यात. तिथे आजवर काहीच आलं नाही. गुरुजी, माझ्यासाठीही किलोभर फळं बघा, येऊन घेऊन जाईन.

माहेर_अमळनेर
१९ मे, रात्री ११:५०

इथे बसून वाचतेय आणि आजीचा खलबत्ता आठवतोय. दिवाळीच्या आधी ती आम्हाला कवचाची चारोळी फोडायला बसवायची, एका वाटीला एक लाडू असा भाव होता. परवा मी परसातले हेझलनट फोडताना मुलीला तोच भाव सांगितला. आपण दोन टोकांना एकच काम करतोय, हे आत्ता लक्षात आलं.

शिरपूरची_बाग
२ जुलै, सकाळी ७:२५

बरेच दिवसांनी लिहितेय. मेच्या शेवटी गुरुजींकडे जाऊन आले. त्यांनी झाड दाखवलं, सालीवर हात ठेवायला लावला. बाजारात एका मावशीकडून दोन किलो फळं घेतली. घरी आल्यावर पहिल्या वीस बिया पकडीत चुरा केल्या, त्यानंतर ‘टक्’ ऐकू यायला लागलं. चाळीस बिया चीर पाडून आणि दहा बिया न फोडता, तशाच लावल्या, फरक कळावा म्हणून. ९ जूनला लावल्या. आज तेविसावा दिवस.

चीर पाडलेल्या चाळीसपैकी सतरा वर आल्यात. न फोडलेल्या दहातली एकही नाही. पहिलं रोप १८ व्या दिवशी दिसलं. दोन जाड दलं, त्यांच्यामध्ये तांबूस, चकचकीत, मुडपलेलं पान. आंब्याच्या पालवीची धाकटी बहीण.

दोन रोपांच्या मानेपाशी, म्हणजे खोड मातीला टेकतं तिथे, मात्र काळपट डाग दिसतोय आणि ती एका बाजूला कलली आहेत. काय करू? आणि जमिनीत कधी लावायची?

ठांगीचंही सांगते. पाऊस पडला आणि त्या उघड्या काडीवर पाच नवी पानं आली आहेत.

धडगावचे_गुरुजी
२ जुलै, दुपारी १:३०

चाळीसात सतरा म्हणजे पहिल्या वर्षी फार चांगलं, ताई. आमची सुरुवात साठात दहावर झाली होती.

कललेली दोन वाचणार नाहीत. मातीसकट पिशवी बाजूला काढा, दुसऱ्यांना लागायला नको. बाकीच्या पिशव्या पावसाच्या थेट धारेतून हलवून छपराच्या कडेला, सकाळचं ऊन लागेल अशा ठिकाणी ठेवा. पिशव्या एकमेकींना चिकटवू नका, मधून वारा खेळला पाहिजे. वरची माती बोटाला कोरडी लागेल तेव्हाच पाणी, तेही कडेने, मानेवर नाही. चौथं पान येईपर्यंत खत अजिबात नको.

यंदा जमिनीत नको. पुढच्या जूनला, पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावा. सगळ्यांत जाड तीन-चार रोपं खुंटासाठी वेगळी ठेवा, कलमकाडीसाठी शाळेमागचं मोठ्या दाण्याचं झाड आहे. आणि न उगवलेल्या त्या दहा पिशव्या फेकू नका. आमच्याकडे एक न फोडलेलं बी दुसऱ्या पावसाळ्यात वर आलं होतं.